कंगवा, खोडरबर आणि संगणक

पावसाळा सरत आला की आमच्या गोंदिया जिल्ह्यातील शाळांत एक दृश्य हमखास दिसते. संगणक सुरू होत नाही, नुसताच पीप-पीप आवाज करतो. मग गोंदियाहून दुरुस्ती करणारा मुलगा येतो. खोक्याची एक बाजू उघडतो, रॅमची पट्टी उपसून काढतो आणि कोणाच्या तरी कंपासपेटीतला खोडरबर मागून घेऊन पट्टीची सोनेरी कड खसाखसा घासतो. पट्टी परत बसवली की संगणक सुरू! हे करताना भोवती जमलेल्या मुलांना तो दटावत असतो, "हात नका लावू रे, स्टॅटिकने जळून जाईल."

अशाच एका वेळी सातवीतल्या एका मुलीने मला हळूच विचारले, "सर, कंगवा केसांवर घासला की प्रभार येतो. मग खोडरबर घासल्यावर येत नाही का?" प्रश्न त्या मुलाच्याही कानावर गेला. तो म्हणाला, "ताई, दहा वर्षांपासून असंच करतो. काही होत नाही."

मुलीचा प्रश्न बिनतोड होता आणि त्या मुलाचा अनुभवही खोटा नव्हता. मला मात्र दोघांना पटेल असे उत्तर त्या वेळी देता आले नाही. स्थितिक विद्युत मी इतकी वर्षे शिकवत आलो आहे, तरीही. नंतर विचार करता लक्षात आले, की यात माझा आळस आहेच, पण आपण ज्या दोन मजकुरांवर विसंबून असतो त्यांचाही दोष आहे. एक म्हणजे पाठ्यपुस्तकातील धडा, आणि दुसरा म्हणजे संगणकाच्या पुस्तिकांतून व प्रयोगशाळेच्या भिंतीवरून आपल्याला भेटणाऱ्या सूचना. या दोहोंबद्दल थोडे परखडपणे लिहावे असे वाटते.

धडा कोठे थांबतो?

बालभारतीच्या २०१७ साली आलेल्या सातवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात 'स्थितिक विद्युत' हे स्वतंत्र प्रकरण आहे. घर्षणाने येणारा प्रभार, आकर्षण-प्रतिकर्षण, सुवर्णपत्र विद्युतदर्शी, ढगांतील प्रभार, वीज आणि शेवटी तडितरक्षक, असा त्याचा क्रम. क्रम चांगला आहे. विशेषतः विजेवर भर दिला आहे तो योग्यच. धानाच्या बांधीत रोवणीला वाकलेल्या माणसांवर वीज पडल्याच्या बातम्या आपल्या भागात दर पावसाळ्यात येतात. विजेपासून बचाव कसा करावा हे सातवीच्या मुलाला ठाऊक असलेच पाहिजे.

माझी तक्रार वेगळी आहे. या धड्यात स्थितिक विद्युत दोनच रूपांत दिसते. एक कागदाचे कपटे उचलणारी, म्हणजे गंमतीची. दुसरी झाड फाडणारी, म्हणजे भीतीची. या दोन टोकांच्या मधला फार मोठा टापू रिकामा राहतो. जिथे ठिणगी दिसत नाही, आवाज येत नाही, बोटाला काही जाणवत नाही, तरी वस्तूचे नुकसान होते, असा तो टापू आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तू हाताळणाऱ्या माणसाचा संबंध याच टापूशी येतो.

आणखी एक गोष्ट. धडा प्रभाराविषयी बोलतो; विभवांतर हा शब्द आठवीत, २०१८ च्या पुस्तकात, धाराविद्युतीच्या प्रकरणात येतो. तोवर कंगवा आणि कागद मागे पडलेले असतात. विभवांतर शिकवून झाल्यावर पुन्हा एकदा कंगव्याकडे वळावे असे आपल्यापैकी किती जणांना सुचते? मला सुचले नव्हते. परिणामी मुलांच्या मनात दोन वेगळ्या विजा राहतात, घासल्यावर येणारी एक आणि तारेतून येणारी दुसरी. घासून येणाऱ्या विजेलाही व्होल्ट असतात, आणि तेही हजारांनी असतात, हे बारावीच्या विद्यार्थ्यालाही पटकन सांगता येत नाही.

तांदळाचा एक दाणा

म्हणून हे गणित एकदा वर्गात करून पाहावे. इलेक्ट्रॉनिक उद्योगात चिपांची सहनशक्ती तपासताना माणसाच्या ऐवजी १०० पिकोफॅरडचे एक धारित्र आणि त्याला जोडून १५०० ओहमचा रोध घेतात. थोडक्यात, विजेच्या दृष्टीने माणूस म्हणजे एवढेच! आता थंडीच्या दिवसांत नायलॉनचा स्वेटर काढल्यावर दाराच्या कडीला हात लावला आणि बोटाला जेमतेम चटका जाणवला, तर शरीराचे विभव साधारण ३००० व्होल्ट असते. प्रभार किती? धारिता गुणिले विभव, म्हणजे ०.३ मायक्रोकूलोम. ऊर्जा किती? अर्धा गुणिले धारिता गुणिले विभवाचा वर्ग, म्हणजे सुमारे ०.४५ मिलिज्यूल. तांदळाचा एक दाणा दोन मीटर उंचीवरून जमिनीवर पडला तर साधारण एवढीच ऊर्जा होते. गिरण्यांच्या या जिल्ह्यात ही तुलना मुलांच्या चांगली लक्षात राहते.

दाणा पडल्याने काय बिघडते? काहीच नाही. पण ही ऊर्जा कोठे आणि किती वेळात खर्च होते ते पाहा. ३००० व्होल्ट भागिले १५०० ओहम म्हणजे सुरुवातीला २ अँपिअरचा प्रवाह, आणि तो टिकतो सेकंदाचा एक कोटीवा भाग, फार तर त्याच्या दीडपट. चिपमधील ट्रान्झिस्टरच्या द्वाराखाली सिलिकॉन डायऑक्साइडचा जो थर असतो, तो १९९० च्या दशकातील चिपांत मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढा जाड होता. पुढे तो आणखी पातळ होत गेला. हा पदार्थ दुर्वाहक म्हणून हवेपेक्षा काही शेपट चिवट आहे. हवेच्या एक मिलिमीटर फटीत ठिणगी पडायला सुमारे ३००० व्होल्ट लागतात. पण थरच इतका पातळ, की दहा-एक व्होल्टमध्ये तो फुटतो. आपल्या बोटाला कळायला हजारो व्होल्ट लागतात आणि त्या थराला दहा पुरतात. "मला शॉक लागला नाही, म्हणजे काही झाले नाही" या समजुतीत अर्थ नाही तो यामुळे.

अर्थात चिप बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक असते. म्हणून चिपेच्या प्रत्येक टोकाशी आलेला प्रभार बाजूने वाहून नेणारी संरक्षक जोडणी असते. माणसाच्या या प्रारूपाने तपासले, तर बऱ्याच चिपा एक-दोन हजार व्होल्टचा झटका सोसतील अशा बेताने बनवलेल्या असतात. दुरुस्तीवाल्या मुलाचे "काही होत नाही" हे पुष्कळ अंशी यामुळे खरे ठरते. बाकीचे श्रेय पावसाळ्याचे. त्याकडे येतोच.

गालिच्याची गोष्ट

आता सूचनांकडे वळू. संगणकासोबत येणाऱ्या बहुतेक पुस्तिकांत स्थितिक विद्युतीवर एक चौकट असते: गालिच्यावर उभे राहून काम करू नका, मनगटी पट्टा वापरा, काम करण्यापूर्वी खोक्याच्या धातूला हात लावून अंगावरचा प्रभार जमिनीत सोडा. हा मजकूर ज्या देशांत लिहिला गेला तेथे हिवाळ्यात घरे बंद करून तापवतात, हवा कोरडीठाक होते आणि जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असतो. अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९८० च्या एका पुस्तिकेतील आकडे पुढे जगभर वापरले गेले. कोरड्या हवेत (सापेक्ष आर्द्रता १० ते २० टक्के) गालिच्यावर चालल्याने माणसावर ३५००० व्होल्टपर्यंत विभव येऊ शकते. तेच दमट हवेत (६५ ते ९० टक्के) १५०० व्होल्ट. टेबलावरची साधी पॉलिथिनची पिशवी उचलली तर कोरड्या हवेत २००००, दमट हवेत १२००.

हे आकडे आपल्या जिल्ह्याला लावून पाहू. ऑगस्टमध्ये येथे भिंतींना ओल येते. प्रत्येक वस्तूवर पाण्याचा अदृश्य पापुद्रा असतो आणि प्रभार जमतो न जमतो तोच त्यावरून ओघळून जातो. त्या दिवसांत कंगव्याचा प्रयोगसुद्धा धड होत नाही, हे आपण सर्वांनी वर्गात मुलांसमोर ओशाळून अनुभवलेले आहे. खोडरबर घासणाऱ्या त्या मुलाला याच ओलाव्याने राखले. उलट मार्चपासून रोहिणी नक्षत्रापर्यंतचे दिवस घ्या. दुपारचा पारा चाळिशीच्या वर आणि हवा अशी कोरडी की वाळत घातलेला कपडा अर्ध्या तासात कडक. त्या हवेत तोच खोडरबर, तीच पट्टी आणि खाली प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ असेल तर गोष्ट वेगळी. अशा वेळी प्रभार माणसावरच येतो असे नाही, खुद्द पट्टीवरही येतो आणि पट्टी खाचेत बसवताना तो एकदम सुटतो. (खोडरबराने सोन्याचा मुलामाही खरवडला जातो ते वेगळेच. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन पुसले तर दोन्ही टळते.)

म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न वर्षभर सारखा नाही, ऋतूप्रमाणे बदलणारा आहे. एकाही पुस्तिकेत मी हे वाचलेले नाही. विदर्भातला कूलर हवेत ओलावा सोडतो आणि त्यामुळे उन्हाळ्यात प्रभार कमी करतो, हे तर त्या पुस्तिका लिहिणाऱ्यांना सुचण्याचे कारणच नव्हते. अर्थात कूलरच्या तोंडाशी संगणक ठेवला की त्याच ओलाव्याने जोडण्या गंजतात आणि पुन्हा खोडरबर आलाच!

परकीय सूचना न तपासता उचलल्या की काय होते याचा एक नमुना सांगतो. एका शाळेत संगणक कक्ष झाला तेव्हा 'संगणक कक्ष म्हणजे असाच असतो' या समजुतीने फरशीवर कृत्रिम धाग्याचा गालिचा अंथरला. दारावर पाटी लावली, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. चपला का काढायच्या असे मुलांना विचारले तर निम्मी म्हणाली धुळीसाठी, आणि दोघे-तिघे म्हणाले "व्हायरस येऊ नये म्हणून". खरे तर सिमेंटच्या किंवा दगडी फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस स्थितिक विद्युतीच्या दृष्टीने बराच सुरक्षित असतो; फरशी इतकी वाहक नक्कीच असते. चपला काढण्याचा आपला जुना रिवाज येथे आपोआप उपयोगी पडला असता. पण मध्ये गालिचा आला! आता मुले मोजे घालून त्यावर पाय घासत येतात. पुस्तिकेतील चौकटीने ज्याला पहिला दोष दिला, तीच वस्तू आपण मुद्दाम विकत आणली.

'अर्थ'चा अनर्थ

आता सर्वांत गंभीर मुद्दा. 'खोक्याच्या धातूला हात लावा म्हणजे प्रभार जमिनीत जाईल' या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे: भिंतीतील तिसऱ्या भोकाला खरोखर जमिनीशी जोडणी आहे. आपल्या किती शाळांत ती आहे? इमारत बांधताना मीठ-कोळसा घालून खड्डा केलेला असतो. पुढे त्यात पाणी कोणी ओतत नाही आणि एप्रिलमध्ये तो खड्डा कोरडा दगड होतो. कित्येक ठिकाणी तिसऱ्या भोकामागे तारच नसते.

अशा वेळी संगणकाच्या खोक्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात. याला आपण सर्रास 'स्टॅटिक' म्हणतो. ते स्टॅटिक नव्हे. संगणकाच्या वीजपुरवठा यंत्रात दोन्ही तारांपासून खोक्याकडे लहान धारित्रे जोडलेली असतात. गोंगाट गाळून तो अर्थमध्ये सोडण्यासाठी. अर्थच नसेल तर खोके २३० च्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहते. त्यातून येणारा प्रवाह मिलिअँपिअरचा काही दशांश एवढाच असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण स्थितिक विद्युत हा एका क्षणाचा चटका असतो, सतत येणारी झिणझिणी नव्हे, हा फरक मुलांना सांगितलाच पाहिजे. झिणझिणी येत असेल तर तो वायरमनला बोलावण्याचा निरोप आहे.

येथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनात एका विद्यार्थ्याने 'अँटीस्टॅटिक पट्टा' मांडला होता. मनगटाला तांब्याच्या उघड्या तारेचे कडे, त्यातून निघालेली तार थेट भिंतीतील तिसऱ्या भोकात. स्वस्त, सुटसुटीत आणि 'टाकाऊतून टिकाऊ'. परीक्षकांत मी होतो. आम्ही त्याचे कौतुक केले, गुणही दिले. सामान आवरताना कोणीतरी सहज म्हणून त्या भोकात टेस्टर घातला, तर दिवा लागला! त्या मुलाचा हात दुसरीकडे कोठे नीट जमिनीशी टेकला असता तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

बाजारात मिळणाऱ्या खऱ्या पट्ट्याच्या दोरीत दहा लाख ओहमचा रोध बसवलेला असतो. दिसायला क्षुल्लक, पण सगळे शहाणपण त्यातच आहे. चुकून २३० व्होल्टशी संबंध आला तरी शरीरातून ०.२३ मिलिअँपिअरच प्रवाह जाईल. मग एवढ्या मोठ्या रोधातून प्रभार वाहून जाईल का? रोध गुणिले धारिता करून पाहा: दहा लाख ओहम गुणिले १०० पिकोफॅरड म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग. डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी काम झालेले असते. 'चांगली जोडणी म्हणजे जाड तार' हे धाराविद्युतीतले शहाणपण येथे उलटे ठरते. ते आमच्या त्या विद्यार्थ्याला ठाऊक नव्हते, यात त्याचा काय दोष? त्याच्या पुस्तकात नव्हते, आणि परीक्षकांच्या डोक्यातही नव्हते.

मुळात येथे जमिनीशी जोडणी हे साध्य नाहीच. चिप मरते ती दोन टोकांमधल्या विभवांतराने. विजेच्या तारेवर बसलेल्या पाखराला काही होत नाही त्याचेही कारण हेच. माणूस, खोके आणि पट्टी ही तिन्ही एकाच विभवावर आणली की पुरे. ते विभव जमिनीचे असले तर उत्तम, नसले तरी चालेल. म्हणून आपल्याकडच्या शाळेसाठी क्रम असा हवा: आधी पिन भिंतीतून काढून घ्यावी. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण बटण चुकीच्या तारेवर असण्याची शक्यता असते. शिवाय १९९५ नंतरच्या एटीएक्स बनावटीच्या संगणकात बटण दाबून 'बंद' केल्यावरही बोर्डवर ५ व्होल्टचा पुरवठा चालूच राहतो. मग खोक्याच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा आणि काम करताना एक मनगट त्याला टेकलेले ठेवावे. पट्टी कडेने धरावी. काढून ठेवायची तर लाकडी टेबलावर किंवा सुती कापडावर ठेवावी. थर्मोकोलवर किंवा पॉलिथिनवर नको. चंदेरी पिशवी असेल तर पट्टी तिच्या आत घालावी. ती पिशवी म्हणजे फॅराडेचा पिंजराच. गुलाबी पिशवी तशी नसते. ती स्वतः प्रभारित होत नाही इतकेच, बाहेरच्या प्रभाराला अडवत नाही. यात खर्चाचे काहीच नाही.

धड्यात याची सोय कशी करावी? नवा धडा नको. आहे तोच विद्युतदर्शी पुरतो. जॅमची बरणी, तांब्याची तार आणि चॉकलेटच्या चांदीच्या दोन पट्ट्या घेऊन तो बनवावा. त्याला प्रभारित करून वेगवेगळ्या वस्तूंमधून बोट लावायला सांगावे: लोखंडी खिळा, कागदावर पेन्सिलने ओढलेली जाड रेघ, कोरडा सुती दोरा, ओला दोरा, प्लॅस्टिकची पट्टी. पेन्सिलच्या रेघेचा रोध तारेच्या कितीतरी पट असतो, तरी पाने क्षणात मिटतात. 'दहा लाख ओहम कसे पुरतात' हे तेथे डोळ्यांना दिसते. कोरड्या दोऱ्याने ती हळूहळू मिटताना दिसली तर त्या दिवशी हवा कोरडी आहे असे समजावे. हाच प्रयोग जुलैत, डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये करून पाने मिटायला लागलेला वेळ वहीत लिहून ठेवावा. आपल्या गावची हवा कधी धोक्याची, याचे कोष्टक मुलांनी स्वतः केलेले असेल.

जिल्ह्यातील जुन्या गिरण्यांत अजूनही कोठे सपाट पट्ट्यावर चालणारे यंत्र असेल तर ते लांबूनच दाखवावे. कोरड्या दिवसांत धावत्या पट्ट्याजवळून जाताना अंगावरचे केस उभे राहतात हे गिरणीतले कामगार सांगतील. व्हॅन डी ग्राफचे यंत्र याहून फार निराळे नाही. पट्ट्याजवळ हात मात्र कोणालाही नेऊ देऊ नये, आणि यात स्थितिक विद्युतीची भीती सर्वांत कमी आहे हेही सांगावे.

एका बाबतीत अतिरेक टाळायला हवा. संगणक बिघडला की 'स्टॅटिकने गेला' असे म्हणण्याची प्रथा पडते आहे. ते सोयीचे असते, कारण कोणीच जबाबदार ठरत नाही. माझ्या पाहण्यातले बहुतेक संगणक वर-खाली होणाऱ्या दाबाने, जवळ पडलेल्या विजेने, धुळीने आणि पाली-मुंग्यांनी गेले. स्थितिक विद्युतीच्या नावाखाली मुलांना खोक्याजवळ फिरकू न देणे आणि कुलूप लावून ठेवणे हे तर त्याहून मोठे नुकसान. पिन काढलेला, उघडलेला जुना संगणक सातवीच्या वर्गात ठेवावा आणि मुलांना त्याची रॅम काढू-बसवू द्यावी. एखादी पट्टी गेली तर गेली.

ज्या मुलीने खोडरबराचा प्रश्न विचारला तिने आणि तिच्या वर्गाने भिंतीवरची सूचना नव्याने लिहिली आहे. तिच्यात पहिल्या ओळीत 'पिन काढा' आहे, आणि खाली महिन्याप्रमाणे हवेची नोंद करण्यासाठी बारा रकाने आहेत. त्या दुसऱ्या शाळेतला गालिचा मात्र अजून जागेवर आहे. तो देणगीतून आलेला असून देणगीदाराच्या नावाची पाटी दारावर आहे, तेव्हा तो काढा असे म्हणायचे कोणी, हा प्रश्न शिल्लक आहे.